वंशावळ ऑनलाइन मांडायची, पण हयात माणसांना जपून

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या पाडव्याला मी आमच्या घराण्याची सात पिढ्यांची वंशावळ पीडीएफ करून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. पाच वर्षांची मेहनत होती. कौतुकाचे मेसेज आले. कोणीतरी ती मावशीकडच्या ग्रुपवर पाठवली, तिथून ती आणखी कुठेकुठे गेली. भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी चुलतबहिणीचा फोन आला. ती रागावलेली नव्हती, पण आवाज बसला होता. "दादा, माझं पहिलं लग्न त्यात कशाला लिहिलंस? लेकीने आजीच्या फोनवर वाचलं. जरा मोठी झाली की मीच तिला सांगणार होते."

मी ग्रुपवरची फाइल पुसली. पण तोवर जी पन्नास फोनांत उतरली होती ती कशी पुसणार? बहिणीने मला माफ केलं. लेकीला आईच्या तोंडून जे कळायला हवं होतं, ते मात्र तसं कळलं नाही.

म्हणून वंशावळ कोणाला दाखवूच नका, असं मी म्हणणार नाही. उलट मांडाच. इंदूर, बडोदा, तंजावरकडे गेलेल्या शाखा, गिरणीत नोकरीला म्हणून मुंबईत आलेली घरं, मॉरिशसला गिरमिटावर गेलेल्यांचे पणतू हे सगळे एकमेकांना सापडतात, ते कोणीतरी आपल्या खापरपणजोबांचं नाव आणि गाव उघड लिहून ठेवलेलं असतं म्हणून. गेलेल्या माणसाबद्दल लिहायला पुरावा लागतो. हयात माणसाबद्दल लिहायला त्याचा होकार लागतो. हे दोन्ही एकाच फाइलमध्ये कालवले की माझ्यासारखं होतं. आता मी जसं करतो तसं पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: दोन प्रती

एक घरची प्रत, एक चारचौघांतली, म्हणजे जाहीर प्रत. घरच्या प्रतीत सगळं लिहा: तारखा, लग्नं, दत्तक, घरातली टोपणनावं, आत्याने फोनवर सांगितलेल्या आठवणी. ही प्रत तुमच्या संगणकावर आणि एका पेन ड्राइव्हवर राहील. चारचौघांतली प्रत तिच्यातूनच गाळून काढायची, आणि बाहेर जायची ती हीच. घराण्याचा मोठा ग्रुपसुद्धा 'बाहेर'च समजा. साठ माणसांच्या ग्रुपमध्ये टाकलेलं काही घरात राहत नाही.

आपल्याकडे ही सोय जुनीच आहे. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे गेलात तर ते आधी आडनाव आणि मूळ गाव विचारतात आणि मगच बाड काढतात. त्या वह्यांत हयात माणसांची, लहान मुलांचीही नावं असतात, पण ती वाचायला त्या घरातलं कोणीतरी समोर बसलेलं असतं. वही रस्त्यावर उघडी पडलेली नसते.

छापील कुलवृत्तांतांबद्दल, म्हणजे घराण्याच्या माहितीच्या पुस्तकांबद्दल, नवे अभ्यासक हमखास म्हणतात, "पुस्तकात छापलंय, म्हणजे जाहीरच आहे की." मला हे पटत नाही. कुलवृत्तांत काही शे प्रतींत निघतो आणि घराण्यातल्या कपाटांत जातो. त्यातली हयात माणसांची शिक्षणं, नोकऱ्या, पत्ते, फोन नंबर त्यांनी भाऊबंदांसाठी दिलेले असतात. तेच पुस्तक स्कॅन करून कोणालाही शोधता येईल असं ठेवलं की त्या माहितीचा वाचक पार बदलतो. १९८५ च्या पुस्तकातली 'कु. अमुक, इयत्ता चौथी' आज पन्नाशीची बाई आहे आणि तिला कोणी विचारलेलं नाही. जुनी पानं खुशाल टाका, हयात पिढीची पानं वगळून.

हयात कोणाला धरायचं?

प्रश्न सोपा वाटतो, पण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मृत्यूची नोंद सापडली नाही म्हणजे माणूस गेला असं धरू नका. मुंबईला गेलेला आणि मग पत्ता न लागलेला चुलत आजोबा आपल्याला जुना वाटतो, पण त्याचा जन्म १९३० चा असेल तर तो आजही हयात असू शकतो. जन्माला ११० वर्षं झालेली नसतील आणि मृत्यूचा पुरावा नसेल, तर हयात समजा. वंशावळीची सॉफ्टवेअरंही साधारण हाच हिशोब धरतात. जन्मसालच माहीत नसेल तर भावंडांच्या किंवा मुलांच्या सालावरून अंदाज बांधा आणि शंका आली तर लपवा.

नुकत्याच गेलेल्यांसाठी माझा नियम असा: वर्षश्राद्ध होईपर्यंत चारचौघांतल्या प्रतीत नोंद नाही. त्या वर्षात बँकेची खाती, वारसनोंदी, विम्याचे दावे चालू असतात, घरचे सावरत असतात. आणि मृत्यूचं कारण मी जाहीर प्रतीत लिहितच नाही. प्लेगच्या किंवा १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेलेल्यांचं लिहितो, तो घराण्याचा इतिहास आहे. आजच्या पिढीत कोणाचा मुलगा कसा गेला हा नाही.

काय गाळायचं

हयात माणसाची जन्मतारीख, पत्ता, फोन नंबर, लग्नाची तारीख, नोकरी, घटस्फोट, दत्तक, आजार, जात. इतकं तर कोणीही सांगेल. हे का गाळायचं, ते नीट कळलं की यादी पाठ करावी लागत नाही.

जन्मतारीखच घ्या. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. ई-पॅनचा पासवर्ड म्हणजे जन्मतारीख. बँकांच्या स्टेटमेंटचे पासवर्डही बहुधा नाव आणि जन्मतारीख जोडूनच तयार होतात. ओळख पटवायला 'आईचं माहेरचं आडनाव' विचारतात. आता तुमची वंशावळ समोर ठेवा आणि बघा: नाव, जन्मसाल, आईचं माहेर, सगळं एका ओळीत. बाहेरच्या माणसाला इतकं आयतं दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

दुसरं, आपल्या नावातच वंशावळ असते. इंग्रजी सॉफ्टवेअर हयात माणसाचं पहिलं नाव झाकतं आणि 'हयात' एवढं लिहून आडनाव तसंच ठेवतं. त्यांच्याकडे एक वेळ ते पुरेल. आपल्याकडे वडिलांचं नाव मुलाच्या नावात मधोमध बसलेलं असतं. 'दत्तात्रय आणि मंगला यांना दोन मुलगे, थोरला मिरजेला डॉक्टर' असं लिहिलंत की थोरल्याचं नाव झाकून उपयोग नाही. दत्तात्रय हे मधलं नाव, आडनाव आणि मिरज हाताशी आहे. मतदारयाद्या उघड असतात, त्यांत वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय आणि घर क्रमांक असतो. दहा मिनिटांचं काम. म्हणून हयात माणसाचं नाव झाकताना त्याचं गाव आणि पेशाही आईवडिलांच्या नोंदीतून काढा.

समजा घरच्या प्रतीत अशी नोंद आहे:

'५.३.२ सौ. सुनीता, ज. १४ मार्च १९७१ सांगली, बी.कॉम., पती बँकेत, मु. ठाणे, १ मुलगी १ मुलगा.'

चारचौघांतल्या प्रतीत ती अशी होते:

'५.३ यांना ३ अपत्ये.'

बस्स, एवढंच. संशोधकाला शाखा पुढे चालू आहे हे कळतं, कोणाला गाठायचं असेल तर तो तुम्हाला विचारेल.

तिसरं म्हणजे टोपणनावं. 'बाळूकाका', 'छकुली' ही जाहीर प्रतीत नकोतच. म्हाताऱ्या आत्यांना फोन करून "आत्या, मी अमक्याचा मुलगा, अपघात झालाय, पैसे पाठव" म्हणणाऱ्यांना घरातलं एक नाव सांगता आलं की आत्याचा विश्वास बसतो. आमच्याकडे आता उलट वापर करतो: संशय आला की आत्या विचारते, "मी तुला लहानपणी काय म्हणायचे?"

हयात लोकांना झाकता झाकता एक अन्याय मात्र होऊ देऊ नका. जुन्या वंशावळींत मुली आणि सुना आधीच नसतात, नुसते पुरुष. गेलेल्या बायकांची नावं पूर्ण लिहा, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. माझ्या पणजीचं सगळ्या कागदांत एकच नाव होतं, लक्ष्मीबाई, लग्नात बदललेलं. तिचं माहेरचं नाव 'ठकी' होतं हे तिच्या भावाच्या पणतूकडून कळलं. माहेरच्या घराण्याची वंशावळ त्याने ऑनलाइन ठेवली होती, म्हणून मी त्याच्यापर्यंत पोचलो. अशा नोंदी जपायच्या आणि दाखवायच्याही.

विचारायचं कसं

ग्रुपवर 'कोणाची हरकत असल्यास कळवावे' असं टाकणं म्हणजे विचारणं नव्हे. गप्प बसलेल्या माणसाने होकार दिलेला नसतो, बहुतेक वेळा त्याने मेसेज वाचलेलाच नसतो. एकेकाला विचारा. साठीच्या पुढच्यांना फोन करा आणि त्यांच्याबद्दल जे लिहिलंय ते शब्दशः वाचून दाखवा. बाकीच्यांना मी असा मेसेज पाठवतो:

"नमस्कार वहिनी, मी आपल्या घराण्याची वंशावळ नीट लावतोय. त्यात तुमच्याबद्दल माझ्याकडे एवढं आहे: (इथे नोंद जशीच्या तशी). ही घरच्या प्रतीत ठेवू का? जाहीर प्रतीत तुमचं काहीच येणार नाही. यायला हवं असेल तर काय लिहू ते तुम्हीच सांगा. काही चुकलं असेल किंवा काढायचं असेल तर निःसंकोच सांगा, कारण विचारणार नाही."

शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे. 'काढा' म्हणणाऱ्याला 'का?' विचारलं की जे लपवायचं होतं तेच सांगावं लागतं. उत्तर वहीत तारखेसकट लिहून ठेवा. नवऱ्याने बायकोच्या वतीने दिलेला होकार मी धरत नाही, भावाने बहिणीच्या वतीने दिलेलाही नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांचं जाहीर प्रतीत काहीच नको, आईवडील हौसेने 'टाक रे' म्हणाले तरी.

याचा एक फायदा मला आधी कळला नव्हता. असं एकेकाला विचारायला लागल्यापासून माझ्या चुका निम्म्याने तरी कमी झाल्या. काकूने फोनवर नोंद ऐकली आणि म्हणाली, "अरे, आमचं लग्न वाईला नाही, फलटणला झालं."

कागद आणि फोटो

नोंदी गाळल्या, पण पुराव्याची चित्रं तशीच चिकटवली, असं फार होतं. जुना सातबारा किंवा फेरफार पणजोबांसाठी टाकतो आणि खाली वारसनोंदीत काका, आत्या आणि त्यांचे हिस्से येतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख आणि जात असते. लग्नपत्रिकेवर दोन्हीकडचे पत्ते.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून तर कोतवाल बुकाच्या (गावातल्या जन्ममृत्यूंच्या जुन्या नोंदवहीच्या) नकला, मोडी उतारे आणि वंशावळींची प्रतिज्ञापत्रं मोबाइलवरून सर्रास फिरतात. जात पडताळणीला वडिलांकडच्या नातेवाइकांची वंशावळ आणि त्यांचे दाखले जोडावे लागतात. ते कागद त्या कामापुरतेच भावाकडून भावाकडे जाऊ द्या. शंभर वर्षांपूर्वीची नक्कल दाखवायला हरकत नाही, पण चुलतभावाचा दाखला ग्रुपवर मागू नका आणि टाकूही नका. ज्याचा त्याच्याकडून, थेट, काम झालं की पुसून.

झाकताना एक काळजी घ्या: पीडीएफवर काळा चौकोन ओढला तरी खालचा मजकूर बऱ्याचदा तसाच राहतो आणि कॉपी करून वाचता येतो. झाकलेल्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि ते चित्रच टाका. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ते निघून जातात, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर सोबत जातात.

कशात करायचं

नवख्याने ग्रॅम्प्स हे वंशावळीचं सॉफ्टवेअर घ्यावं असं मला वाटतं. फुकट आहे, संगणकावरच चालतं, तुमची माहिती कुठे पाठवत नाही. प्रत्येक नोंदीला कुलपाचं चिन्ह असतं, ते लावलं की ती नोंद खाजगी होते. फाइल बाहेर काढताना दोन गोष्टी निवडायच्या: खाजगी नोंदी वगळा, आणि हयात व्यक्ती वगळा. नुसतं हयातांचं नाव झाकायचा पर्यायही तिथेच दिसेल, तो घेऊ नका. कारण वर सांगितलंच.

या सगळ्या सॉफ्टवेअरांत देवाणघेवाण होते ती जेडकॉम नावाच्या फाइलने. छोटी दिसते, पण तिच्यात तुमच्या टिपांसकट सगळं असतं. 'आत्याने सांगितलं, कोणाला बोलू नको' हे टिपेत लिहिलेलं असेल तर तेही. म्हणून कोणी 'जेडकॉम पाठवा ना' म्हटलं की घरच्या प्रतीची कधीच नाही.

फॅमिलीसर्च ही वंशावळीची वेबसाइटही फुकट आहे. तिथे सगळ्या जगाचं एकच झाड आहे, गेलेल्यांच्या नोंदी सगळ्यांना दिसतात आणि कोणीही दुरुस्त करू शकतं. तुम्ही घातलेली हयात व्यक्ती तुमच्या खाजगी जागेत राहते. धोका एकाच खुणेत आहे: चुकून 'मृत' अशी खूण केली की तीच नोंद उघड होते. त्यामुळे मी तिथे हयात पिढी घालतच नाही, आजोबांवर थांबतो.

गूगल ड्राइव्हवर ठेवणार असाल तर 'लिंक असलेल्या कोणालाही' हा पर्याय बंद ठेवा आणि माणसांना त्यांच्या ईमेलने आत घ्या. लिंक पुढे पाठवायला कोणाला दोन सेकंद लागत नाहीत.

परदेशातली भावंडं हल्ली डीएनए चाचणी करतात. ती करावी की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण नळीत थुंकणाऱ्याबरोबर त्याच्या भावाबहिणींचीही निम्मी माहिती जाते. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्रीअँडमी या कंपनीची सुमारे १४,००० खाती दुसरीकडून फुटलेल्या पासवर्डांनी उघडली गेली आणि नातेवाईक जुळवण्याच्या सोयीतून जवळपास ६९ लाख लोकांची माहिती बाहेर पडली. वंशावळीच्या कुठल्याही खात्याला वेगळा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी लावाच.

कायद्याचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा घरगुती, वैयक्तिक कामासाठी ठेवलेल्या माहितीला लागू होत नाही. म्हणजे तुमच्या घरच्या प्रतीला अडचण नाही. पण जाहीर प्रतीबद्दल कायदा काय म्हणेल याची वाट बघत बसण्यापेक्षा चुलतबहीण काय म्हणेल हे आधी विचारलेलं बरं.

टाकण्याआधीची परीक्षा

जाहीर प्रत तयार झाली की घराबाहेरच्या, पण तुमच्या विश्वासाच्या माणसाला द्या आणि सांगा: यातून आमच्या हयात माणसांबद्दल काय काय काढता येतं ते बघ. मी शेजारच्या मित्राला दिली. मला वाटत होतं, सगळं गाळलंय. अर्ध्या तासात तो म्हणाला, "तुझे धाकटे काका डोंबिवलीला राहतात आणि त्यांना दोन मुली आहेत." आजोबांच्या माहितीत मीच लिहिलं होतं, 'अखेरची वर्षं धाकट्या मुलाकडे, डोंबिवलीला.' आणि १९९४ च्या फोटोखाली डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं होती. ओळ बदलून 'अखेरची वर्षं मुलाकडे' केली. फोटोची गेलेल्यांपुरतीच कापून घेतलेली प्रत ठेवली.

टाकल्यावर खाजगी विंडोत, लॉगिन न करता, दोन-तीन नातेवाइकांची पूर्ण नावं शोधून बघा. महिन्याने पुन्हा बघा.

'काढा' म्हटलं की

लगेच काढायचं, मग कळवायचं. आठ दिवसांची मुदत मी स्वतःला घालून घेतली आहे, बहुतेक वेळा त्याच रात्री होतं. फाइलच्या नावात तारीख घाला म्हणजे जुनी कोणती, नवी कोणती हे फिरणाऱ्या फाइलवरून ओळखता येतं, आणि जुनी पुसा असं नेमकं सांगता येतं. बहिणीच्या बाबतीत मी ग्रुपवर कारण न देता एवढंच लिहिलं होतं की फाइलमध्ये माझ्याकडून चुका झाल्या आहेत, कृपया पुसा. ज्यांनी पुढे पाठवली होती त्यांना एकेकाला फोन केले. सतरा जणांनी पुसली. बाकीच्यांचं माहीत नाही.

आमच्या जाहीर प्रतीच्या पहिल्या पानावर सध्या हा मजकूर आहे, हवा असेल तर जसाच्या तसा घ्या:

"या प्रतीत हयात व्यक्तींची नावं नाहीत. आपण या घराण्यातले असाल आणि पुढची माहिती हवी असेल तर आपल्या आजोबांचं किंवा आजीचं नाव आणि मूळ गाव कळवा. आपली माहिती इथे चुकून आली असेल तर एक ओळ लिहा, ती काढली जाईल."